दोष पिकअपवर ढकलू नका

"पिकअप बदलून टाक बाप्पा, मंग पाय गिटार कशी बोलते!" शेलूबाजारच्या आसपास इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या पोरांना हा सल्ला इतक्या वेळा मिळतो की तो आता सिद्धांतच होऊन बसला आहे. आवाज पातळ लागतो, पिकअप बदल. आवाज बोदा लागतो, पिकअप बदल. स्टेजवर घरघर येते, पिकअप बदल. दुखणं कोणतंही असो, औषध एकच. हा सिद्धांत चुकीचा आहे, खर्चिक आहे आणि आपल्याकडच्या स्टेजवर तर पुष्कळदा उलटा परिणाम करणारा आहे. पिकअप बदलण्याला माझा विरोध नाही. दोष न शोधता पिकअप बदलण्याला आहे.

आधी आपली परिस्थिती बघू. शेलूबाजार हे मंगरूळपीर तालुक्यातलं हमरस्त्यावरचं बाजाराचं गाव. इथली गिटार वाजते ती भीमजयंतीच्या गीतगायनाच्या कार्यक्रमात, गणपती-नवरात्राच्या मांडवात आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. गिटारसाठी वेगळा अॅम्प्लिफायर क्वचितच असतो. मंडपवाल्याचा मिक्सर, त्याचेच बॉक्स आणि त्यातच गायक, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, गिटार सगळं एकत्र. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेलूबाजारजवळच त्यावर चढण्या-उतरण्याची सोय झाली. परदेशी पिकअपचं पार्सल आता घरपोच येतं. पण गिटार समजणारा कारागीर काही त्या पार्सलातून येत नाही. त्यामुळे विकत घेणं सोपं झालं आणि तपासून घेणं होतं तितकंच अवघड राहिलं. अशा वेळी विकत मिळणाऱ्या वस्तूवर भरवसा बसतो. नामांकित परदेशी पिकअपचा एक जोड घ्यायचा तर कित्येक क्विंटल सोयाबीनचा पैसा जातो, तोही ५,३२८ रुपये या २०२५-२६ च्या हमीभावाने मोजला तर, आणि तो हमीभाव हातात पडतोच असं नाही. म्हणून हा वाद केवळ हौशी लोकांचा नाही. घरातल्या पैशाचा आहे.

पिकअप करतो काय? लोहचुंबकाभोवती केसाहूनही बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे गुंडाळलेले असतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज तयार होते. जॉर्ज बोशाँ यांनी १९३१ मध्ये या तत्त्वावरची गिटार तयार केली, रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून ती पुढच्या वर्षी बाजारात आली, आणि १९३७ मध्ये तिचं पेटंट मिळालं. तत्त्व तेव्हापासून बदललेलं नाही. म्हणजे पिकअप आवाज निर्माण करत नाही. तार जे करते ते तो पुढे पाठवतो, आणि पाठवताना त्यावर स्वतःची थोडी छाप टाकतो. ती छाप खरी आहे. एका वेटोळ्याच्या सिंगल कॉइलचा लख्ख, टोकदार आवाज आणि दोन वेटोळ्यांच्या हंबकरचा भरीव, गोलसर आवाज यांतला फरक कोणालाही ऐकू येतो. समोरच्या बाजूचं एवढं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण तारच गंजलेली असेल, तर जगातला सर्वोत्तम पिकअपसुद्धा गंजलेल्या तारेचाच आवाज इमानदारीने पुढे पाठवील.

आता त्यांचा सगळ्यात आवडता मुद्दा: ओहम. "हा सोळा किलोओहमचा आहे, तुझा सहाचा. फरक पडणारच." मल्टिमीटर लावून पिकअपची लायकी ठरवण्याची ही पद्धत पूर्ण फसवी आहे. ओहमचा आकडा फक्त तारेचा विद्युतरोध सांगतो. तेवढेच फेरे जरा बारीक तारेचे घेतले तर आकडा वाढतो, ताकद मात्र वाढत नाही. फेरे खरोखरच वाढवले तर ताकद वाढते, पण त्यासोबत वेटोळ्याचा इंडक्टन्सही वाढतो आणि वरचे, चमक देणारे सूर कापले जातात. जास्त आकडा म्हणजे चांगला आवाज, असं यातून कुठेच निघत नाही. ज्या पिकअपला आजही सगळे डोक्यावर घेतात त्याचंच उदाहरण घ्या. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी हंबकर तयार केला, १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९५७ पासून तो गिटारींवर बसू लागला. त्या काळच्या वाइंडिंग यंत्रांवर फेऱ्यांचा हिशेब काटेकोर नव्हता. त्यामुळे एका पिकअपचा रोध साडेसात किलोओहम, तर दुसऱ्याचा साडेआठ, असा फरक राहिला. त्या पिकअपना आज अफाट किंमत मिळते. तेव्हा ज्याला आदर्श म्हणायचं तोच एका आकड्यात बसत नाही, आणि त्याचा आकडा सोळाच्या जवळपासही नाही.

मग जास्त ताकदीचे पिकअप आले कशाला? त्याला त्या काळचं कारण होतं. १९७२ च्या सुमारास डिमार्झिओचा 'सुपर डिस्टॉर्शन' आला, आणि गिटारचा मूळ पिकअप काढून दुसरा बसवायचा धंदा त्यानंतर फोफावला. तेव्हाच्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरना फाटका, तापलेला आवाज द्यायला गिटारकडून जोराचा धक्का लागायचा. तो धक्का हे पिकअप देत. आज एका साध्या डिजिटल प्रोसेसरमध्येसुद्धा गरजेपेक्षा जास्त गेन असतो. ज्या अडचणीवर तो उपाय निघाला ती अडचणच उरलेली नाही. उपाय मात्र अजून जोरात विकला जातो.

आता येतो तो मुद्दा ज्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे, कारण तो थेट आपल्या स्टेजचा आहे. गिटारच्या अॅम्प्लिफायरचा इनपुट साधारण १ मेगाओहमचा असतो. म्हणजे तो पिकअपवर जवळजवळ ओझंच टाकत नाही. मंडपवाल्याच्या मिक्सरचा लाइन इनपुट मात्र साधारण १० किलोओहमचा असतो, माइकचा त्याहून कमी. गिटारची केबल सरळ तिथे खोचली की पिकअपची मान दाबली जाते. हिशेब करून बघा. साधा सिंगल कॉइल घ्या: रोध ६ किलोओहम, इंडक्टन्स सुमारे २.४ हेन्री. १० किलोओहमच्या इनपुटला त्याचा आवाज साधारण १,००० हर्ट्झच्या वर उतरू लागतो. आता तोच तुमचा जोरदार, १६ किलोओहम आणि ८ हेन्रीचा पिकअप बसवा. त्याची उतरण ५०० हर्ट्झच्या आसपासच सुरू होते. शिवाय निम्म्याहून जास्त ताकद मिक्सरच्या दारातच वाया जाते. म्हणजे आवाज बोदा लागतो म्हणून जास्त ताकदीचा पिकअप आणला आणि आवाज आणखी बोदा झाला. मग पोरगा म्हणतो, पिकअप नकली निघाला. पिकअप नकली नव्हता. जोडणी चुकीची होती. मिक्सरवर 'हाय-झी' असं बटण असेल तर ते दाबा. नसेल तर अॅक्टिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे पिकअपवर ओझं न टाकता आवाज मिक्सरला जुळवून देणारी डबी लावा, किंवा गिटार आणि मिक्सरच्या मध्ये प्रोसेसर ठेवा. मूळ पिकअपचीच गिटार ओळखू येणार नाही इतकी खुलते.

जोडणीचा दुसरा हात म्हणजे केबल. केबलला स्वतःची कपॅसिटन्स असते, साधारण मीटरला १०० पिकोफॅरड. पिकअपचं वेटोळं आणि ही कपॅसिटन्स मिळून एका ठराविक कंपनसंख्येला आवाज उचलतात, आणि त्याच्या वरचे सूर सोडून देतात. पिकअपचा 'स्वभाव' म्हणून आपण जे ऐकतो त्यातला मोठा भाग हाच. आता तोच २.४ हेन्रीचा पिकअप घ्या आणि गिटारच्या अॅम्प्लिफायरला जोडा. ३ मीटरच्या केबलला हे शिखर ५,००० हर्ट्झच्या थोडं वर येतं, १० मीटरच्या केबलला ते ३,१०० पर्यंत खाली घसरतं. पिकअप तोच, गिटार तीच, हात तेच, तरी आवाज वेगळा. दोन पिकअपमध्ये जितका फरक ऐकू येतो म्हणून पैसे मोजले जातात, जवळजवळ तितका फरक केबलची लांबी बदलून मिळतो. हे ज्याला माहीत नाही त्याने दिलेला पिकअपचा सल्ला ऐकायचा कशाला?

घरघरीबद्दल तर सगळ्यात जास्त गैरसमज. हंबकरमध्ये दोन वेटोळी उलट्या जोडणीने आणि उलट्या चुंबकध्रुवांनी बसवलेली असतात. ट्रान्सफॉर्मर, पंखे, लाइटचे डिमर यांच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी घरघर त्यांत एकमेकांना खोडते, तारेचा आवाज मात्र जोडला जातो. हे खरं, आणि कल्पना सुंदर आहे. पण मांडवात येणारी घरघर बहुधा एवढीच नसते. जनरेटरवर चाललेला कार्यक्रम, खांबावरून ओढलेली वायर, अर्थिंगचा पत्ता नाही. अशा ठिकाणी तारांना हात लावला की आवाज बदलतो आणि हात काढला की वाढतो. हा अर्थिंगचा आणि गिटारच्या आतल्या शिल्डिंगचा दोष आहे. कोणताही पिकअप तो घालवू शकत नाही. इथे प्रश्न फक्त आवाजाचा नाही. गिटारच्या तारा घोडीमार्गे अॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वॉन्सी शहरात स्टेजवरच गेले. हातात गिटार, आणि अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श झाला. आपल्याकडे पावसाळ्यात, ओल्या मांडवात, ओल्या पायांनी वाजवतात. पिकअपला हजारो रुपये काढणाऱ्याने मंडपवाल्याकडून अर्थिंग करून घेतलंच पाहिजे. हा आवाजाच्या आधीचा, जिवाचा हिशेब आहे.

आता स्क्रूड्रायव्हर घ्या. पिकअपच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. त्यांनी पिकअप वर-खाली होतो. बहुतेक पोरांनी ते स्क्रू कधी फिरवलेलेच नसतात. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरायची आणि तार ते पिकअपचा चुंबक हे अंतर मोजायचं. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलसाठी फेंडर जाड तारेच्या बाजूला सुमारे २ मिलिमीटर आणि बारीक तारेच्या बाजूला सुमारे १.६ मिलिमीटर सुचवतं. "जवळ घेतला की आवाज वाढतो" म्हणून पिकअप तारेला चिकटवून ठेवणारे पुष्कळ. मग चुंबक तारेलाच ओढतो, जाड तारांचा सूर डगमगतो, वरच्या पडद्यांवर एका सुरात दोन सूर वाजल्यासारखं होतं आणि सूर लवकर मरतो. अर्धा मिलिमीटर खाली घेतला की तार मोकळी होते आणि आवाज उघडतो. याला खर्च शून्य. तरीही "पिकअप बदल" म्हणणाऱ्यांपैकी कितीजण आधी "अंतर मोजलंस का?" असं विचारतात?

आणखी एक गोष्ट कोणत्याही पार्सलात मिळत नाही. ती म्हणजे पिकअपची जागा. तारेच्या लांबीच्या एक चतुर्थांशावर पिकअप असेल, तर उघड्या तारेतला चौथा स्वरांश त्याला ऐकूच येत नाही, कारण तिथे तो स्वरांश हलतच नाही. घोडीजवळचा पिकअप तेजाळ आणि मानेजवळचा गोड वाजतो तो जागेमुळे, ब्रँडमुळे नव्हे. ब्रँड कितीही बदला, जागा तीच राहते. आणि तार कुठे छेडायची हे तर तुमच्याच हातात असतं. घोडीकडे सरकून मारलेला पिक आणि मानेकडे मारलेला पिक यांतला फरक नव्या पिकअपपेक्षा मोठा असतो.

यावर हमखास येणारं उत्तर: "मोठमोठ्या वादकांनी पिकअप बदललेच ना! एडी व्हॅन हॅलनचं बघ." बघूच. व्हॅन हॅलन यांनी स्ट्रॅटच्या घाटाच्या गिटारवर गिब्सनचा हंबकर बसवला आणि १९७८ च्या पहिल्या अल्बममधला तो आवाज जगभर पोचला. पण त्यांना कोणता दोष घालवायचा होता हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्या गिटारचा आकार आणि हालचाल हवी होती, सिंगल कॉइलची घरघर आणि पातळपणा नको होता. अॅम्प जोरात ठेवला की पिकअप किंचाळायचा, कारण वेटोळ्यातली सैल तारच थरथरायची. म्हणून त्यांनी तो मेणात बुडवून घट्ट केला. आधी कानाने दोष ओळखला, मग त्या दोषापुरता उपाय केला. "टोन सुधारतो म्हणून बदलला" असं ते नाही. आपल्याकडे याच्या बरोबर उलट होतं.

दुसऱ्या बाजूने आणखी एक पक्ष बोलतो. तो म्हणतो, पिकअप काही नाही, लाकूडच सगळं. महोगनी नसेल तर गिटार कधी बोलणारच नाही. हेही तितकंच टोकाचं. बोशाँ यांची बाजारात आलेली ती गिटार ओतीव अॅल्युमिनियमची होती आणि ती वाजलीही, विकलीही गेली. चुंबक लाकूड ऐकत नाही, पोलादी तार ऐकतो. लाकडाचा, नटचा, घोडीचा, जोडणीच्या घट्टपणाचा परिणाम तारेच्या हालचालीतून जेवढा येईल तेवढाच. तेव्हा पिकअप विकणाऱ्याच्या भीतीतून सुटलात आणि लाकूड विकणाऱ्याच्या भीतीत सापडलात, असं होऊ देऊ नका.

याबाबतीत आपल्या मातीतलं शहाणपण या दोन्ही पक्षांपेक्षा पुढे आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यं घडवू लागले आणि ती परंपरा आजपर्यंत चालत आली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तानपुरा बोलेनासा झाला की तिथला कारागीर भोपळा बदलायला सांगत नाही. तो जवारी काढतो. म्हणजे घोडीच्या ज्या पृष्ठभागावर तार टेकते तो कणाकणाने घासून बरोबर करतो, मग दोरा सरकवून ऐकतो, पुन्हा घासतो. तार जिथे टेकते तिथेच सूर घडतो, हे त्या कारागिराचे हात जाणतात. गिटारलाही हेच लागू आहे. नटची खाच जास्त खोल गेली की उघडी तार झणझणते. घोडीवरची खोगिरं नीट नसली की वरचे पडदे बेसूर लागतात. वऱ्हाडातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यातून पावसाळ्यात येताना मान वाकते आणि तारा उंच होतात. आपल्या वरातीतला इलेक्ट्रिक बेंजोही हेच सांगतो. नागोयात १९१२ मध्ये तयार झालेल्या तैशोगोतो या जपानी वाद्याचा हा वंशज. तारांखाली पिकअप बसवून तो आपल्याकडच्या ढोल-ताशाच्या गदारोळातही ऐकू येऊ लागला. पण पिकअप कोणताही असो, पट्टी तारेवर नीट दाबली जात नसेल किंवा तार उतरली असेल, तर बेंजो बेसूरच वाजतो.

पिकअप कधी बदलायचा, तेही स्पष्ट सांगतो. मल्टिमीटर लावून एखाद्या वेटोळ्याची तार तुटलेली निघाली तर. अर्थिंग, शिल्डिंग आणि केबल नीट असूनही सिंगल कॉइलची घरघर कार्यक्रमात सोसवत नसेल तर. अॅम्प थोडा वाढवला की पिकअप शिट्टी मारत असेल तर. आणि सगळं जुळवून झाल्यावर कानाला नेमकं काय हवं हे तुम्ही शब्दांत सांगू शकत असाल तर. तेव्हा जरूर बदला, पण नीट. सिंगल कॉइलच्या जागी हंबकर बसवताना २५० किलोओहमची पोटेन्शिओमीटर तशीच राहिली तर आवाज झाकोळतो. तिथे ५०० लागतात. हंबकरच्या चार वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. एकाचा नकाशा बघून दुसऱ्याचा पिकअप जोडला तर दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज उलट फेजमध्ये जातो, पोकळ आणि नाकातून आल्यासारखा लागतो. टीव्ही दुरुस्त करणारा कुशल माणूस हे सोल्डरिंग उत्तम करू शकतो, पण बरोबर नकाशा तुम्हीच त्याच्या हातात द्यायला हवा.

शेलूबाजार, मंगरूळपीर, कारंजा, मालेगावकडच्या वाजवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं हे: आधी नव्या तारा, मग तारांची उंची आणि सुरावट, मग पिकअपचं अंतर, मग केबल, मग मिक्सरच्या आधी डीआय किंवा प्रोसेसर, आणि मांडवात अर्थिंग. या सगळ्यांचा मिळून खर्च एका चांगल्या परदेशी पिकअपच्या जोडापेक्षा कमी येतो. आणि जो कोणी तुम्हाला "पिकअप बदल" म्हणेल, त्याला आधी विचारा की दोष नेमका कुठे आहे. त्याला ते सांगता आलं नाही, तर पैसे खिशात ठेवा.